कॉकपिटमधील पावसाचे चित्र कसे वाचावे : मराठवाड्यातील नवशिक्या वैमानिकांसाठी

मराठवाड्यातून वैमानिक व्हायला निघालेली मुले साधारण दोन वाटांनी जातात. काही जण आपल्याकडच्याच एखाद्या धावपट्टीवर प्रशिक्षण घेतात, तर काही जण अमेरिकेत, बहुधा टेक्सास, फ्लोरिडा किंवा ॲरिझोनात, उड्डाणाचे तास भरतात आणि परत येऊन भारतीय परवाना काढतात. मी दुसऱ्या वाटेने गेलो. तिकडे मांडीवरच्या टॅब्लेटवर हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रंगांत पाऊस दिसायचा आणि त्या चित्रावर माझा इतका विश्वास बसला की खिडकीबाहेर पाहण्याची सवय अर्धी मोडली. इकडे परतल्यावर ते चित्र कॉकपिटमधून गायबच झाले आणि मोबाइलवर जे उरले ते काय आहे, हे समजायला आणखी एक उन्हाळा गेला. दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांचा हा गोंधळ थोडा कमी व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहे. तो सेसना १५२ किंवा १७२ सारखे एक इंजिनाचे छोटे विमान डोळ्यांना दिसेल अशाच हवामानात उडवणाऱ्यांसाठी आहे.

प्रथम जवळ काय हवे ते सांगतो.

- धावपट्टीचा आणि मार्गावरच्या विमानतळांचा ताजा मेटार (विमानतळावरच्या हवामानाची नोंद) व टॅफ (विमानतळाचा हवामान अंदाज), आणि मार्गावर लागू असलेला सिग्मेट (धोकादायक हवामानाचा इशारा)
- भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या डॉप्लर रडारची चित्रे, त्यावरील वेळेसह जतन केलेली
- इन्सॅट उपग्रहाच्या ढगांच्या चित्रांपैकी निदान शेवटची तीन
- मोबाइलवर ‘दामिनी’ हे विजांची सूचना देणारे ॲप
- कागदी नकाशा, पट्टी, पेन्सिल आणि समन्वित जागतिक वेळेवर (यूटीसी) लावलेले एक घड्याळ
- पर्यायी धावपट्टीपर्यंत जाऊन वर राखीव उरेल इतके इंधन

पेन्सिल आणि घड्याळ पाहून हसू नका. पुढच्या बहुतेक पायऱ्यांत त्यांचेच काम आहे.

१. चित्र कोठून येते ते समजून घ्या

अमेरिकेत छोट्या विमानाला मिळणारे पावसाचे चित्र विमान स्वतः काढत नाही. तेथे नेक्सरॅड नावाच्या जाळ्यातले सुमारे १६० हवामान रडार जमिनीवर उभे आहेत. त्यांची तबकडी एका कोनात पूर्ण फेरी मारते, मग कोन थोडा वाढवून पुन्हा फिरते, आणि अशा अनेक फेऱ्यांनंतर आभाळाचा एक पूर्ण वेध होतो. पाऊस असताना या वेधाला चार ते सहा मिनिटे लागतात आणि आभाळ कोरडे असताना दहा मिनिटांपर्यंत. मग अनेक रडारांचे वेध एकत्र शिवून देशाची गोधडी तयार होते, तिचे ठिगळांत रूपांतर होते, आणि ती जमिनीवरच्या मनोऱ्यांतून ९७८ मेगाहर्ट्झवर एफआयएस-बी या उड्डाण-माहिती प्रसारण सेवेने किंवा उपग्रहावरून विमानाकडे पाठवली जाते. विमानातला रिसीव्हर ती गोळा करतो आणि पडद्यावर मांडतो.

गोधडीचा दाखला मी मुद्दाम दिला. शेजारशेजारची दोन ठिगळे वेगवेगळ्या रडारांची आणि वेगवेगळ्या मिनिटांची असू शकतात. शिवाय एफआयएस-बीच्या जवळच्या भागाच्या चित्रात एक ठिगळ सुमारे दीड सागरी मैल रुंद असते, पण देशभराच्या चित्रात तेच ठिगळ सुमारे साडेसात मैलांचे होते. नकाशा लहान-मोठा करताना तुम्ही एका चित्रावरून दुसऱ्यावर कधी गेलात हे पडदा नेहमीच ठळकपणे सांगत नाही, म्हणून ठिगळे अचानक मोठी झाली तर आपण कोणते चित्र पाहत आहोत ते तपासावे.

भारतात ही सेवा नाही. येथे जे मिळते ते हवामान विभागाच्या संकेतस्थळावर, म्हणजे मोबाइलच्या जाळ्यावर अवलंबून आहे, आणि पाच हजार फुटांवर बालाघाटच्या डोंगरांवरून जाताना ते जाळे टिकेल असे गृहीत धरू नये. आपल्यासाठी रडारचे चित्र हे उड्डाणापूर्वी जमिनीवर पाहण्याचे साधन आहे. अमेरिकेत शिकून आलेल्यांना हा फरक पहिल्या महिन्यात फार जाणवतो.

२. चित्रावर लिहिलेले वय आणि पावसाचे वय वेगळे असते

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून येथे थोडा थांबतो.

पडद्याच्या कोपऱ्यात ‘२ मिनिटे’ असे लिहिलेले दिसते. नवशिका त्याचा अर्थ असा घेतो की दोन मिनिटांपूर्वी पाऊस जिथे होता तो हा. प्रत्यक्षात ती दोन मिनिटे गोधडी शिवून झाल्यापासून मोजलेली असतात. रडारने वेध केव्हा घेतला, तो शिलाईच्या ठिकाणी केव्हा पोहोचला आणि शिलाईला किती वेळ लागला, यांतले काहीच त्या आकड्यात नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०१२ मध्ये वैमानिकांसाठी एक इशारा प्रसिद्ध केला आणि त्यात स्पष्ट लिहिले की टोकाच्या परिस्थितीत प्रत्यक्ष माहिती पडद्यावरच्या आकड्यापेक्षा १५ ते २० मिनिटांनी जुनी असू शकते. त्या इशाऱ्यात दोन जीवघेण्या अपघातांचा उल्लेख होता: मार्च २०१० मध्ये टेनेसीतील ब्राउन्सव्हिलजवळ पडलेले रुग्णसेवेचे हेलिकॉप्टर आणि डिसेंबर २०११ मध्ये टेक्सासातील ब्रायनजवळ तुटून पडलेले छोटे पायपर विमान. दोन्ही ठिकाणी कॉकपिटमध्ये नेक्सरॅडचे चित्र उपलब्ध होते.

आता पेन्सिल घ्या. मेघगर्जनेचा ढग ३० नॉट (म्हणजे तासाला ३० सागरी मैल) वेगाने सरकत असेल तर १५ मिनिटांत तो साडेसात सागरी मैल पुढे गेलेला असतो. तुमचे विमान १०० नॉटने जात असेल तर त्याच १५ मिनिटांत तुम्ही २५ मैल कापता. ढग तुमच्याच दिशेने येत असेल तर दोघांमधले अंतर साडेबत्तीस मैलांनी घटते. चित्रात ३५ मैल दूर दिसणारा तांबडा ठिपका प्रत्यक्षात साडेसत्तावीस मैलांवर येऊन ठेपलेला असू शकतो आणि नवे चित्र उमटेपर्यंत तो समोर उभा राहतो. हे झाले ढग फक्त सरकला असे मानून. साधा मेघगर्जनेचा ढग जन्मापासून अंतापर्यंत अर्धा ते एक तास जगतो, आणि फुगणाऱ्या पांढऱ्या ढगाचा कोसळणारा काळा ढग व्हायला १५ ते २० मिनिटे पुरतात. म्हणजे चित्र काढले तेव्हा जो ढग अस्तित्वातच नव्हता तो तुम्ही पोहोचता तेव्हा भर तारुण्यात असतो.

माझी फजिती याच जागी झाली. टेक्सासात एकट्याने केलेल्या दुसऱ्या लांब उड्डाणात समोर दोन तांबडे पट्टे होते आणि मधे सुमारे बारा मैलांची मोकळी फट होती. वय दोन मिनिटे. मी फटीकडे नाक वळवले. दहाव्या मिनिटाला पडद्यावर फट तशीच होती, पण काचेतून पाहिले तर तिच्या जागी पायथ्याशी काळा आणि माथ्याशी फुलकोबीसारखा ढग उभा होता. मी मागे वळलो, वाटेतल्या एका छोट्या धावपट्टीवर उतरलो आणि तेथील बाकावर दोन तास बसून राहिलो. परतल्यावर प्रशिक्षकांनी ना कौतुक केले ना रागावले. त्यांनी एवढेच विचारले की ते चित्र नेमके कोणत्या मिनिटाला काढले होते. मला उत्तर देता आले नाही.

म्हणून सवय अशी लावा: पडद्यावर जे वय लिहिले असेल त्यात स्वतःहून १५ मिनिटे मिळवा आणि मगच अंतर मोजा. हवामान विभागाच्या चित्रावर वय लिहिलेले नसते, वेळ लिहिलेली असते. ती भारतीय प्रमाणवेळ आहे की समन्वित जागतिक वेळ, हे प्रत्येक चित्रावर वाचा. साडेपाच तासांची चूक लगेच ध्यानात येते, पण घाईत मनातल्या मनात पाच तास मिळवणाऱ्याची अर्ध्या तासाची चूक कोणाच्याच ध्यानात येत नाही आणि वळवाच्या दिवसांत अर्धा तास म्हणजे ढगाचे निम्मे आयुष्य असते.

३. आपल्या धावपट्टीपासून रडार किती दूर आहे ते मोजा

रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वाकते. झोत क्षितिजापासून अर्धा अंश वर धरला तर १०० किलोमीटरवर त्याचा मध्य रडारच्या पातळीपेक्षा सुमारे दीड किलोमीटर उंच असतो, २०० किलोमीटरवर सुमारे चार किलोमीटर आणि २५० किलोमीटरवर पावणेसहा किलोमीटरहून अधिक. झोत पसरतही जातो. एक अंश रुंदीचा झोत २०० किलोमीटरवर साडेतीन किलोमीटर जाड झालेला असतो.

आता हे मराठवाड्याच्या नकाशावर मांडू. हैदराबादहून लातूर आणि नांदेड ही दोन्ही ठिकाणे सरळ रेषेत सुमारे २३० किलोमीटरवर आहेत. तेथे झोताचा मध्य सुमारे १७,००० फुटांवर आणि खालची कड सुमारे १०,००० फुटांवर येते. तुम्ही उडता चार-पाच हजार फुटांवर. म्हणजे हैदराबादचे रडार लातूरच्या आभाळाचा वरचा मजला पाहते आणि तुम्ही तळमजल्यावर राहता. नागपूरहून नांदेड आणि मुंबईहून छत्रपती संभाजीनगर सुमारे २८० किलोमीटर आहे, त्यामुळे २५० किलोमीटर त्रिज्येच्या नेहमीच्या चित्रात ही दोन्ही ठिकाणे वर्तुळाबाहेरच पडतात. मुंबईच्या बाजूने तर सह्याद्रीची रांगही आडवी येते. २०१९ मध्ये कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी तेव्हाच्या औरंगाबादेत एक सी-बँड डॉप्लर रडार बसवले होते आणि प्रयोगाचे विमान चिकलठाण्यावरून उडत होते. रडार जवळ असणे म्हणजे काय, याची चर्चा तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही झाली होती. रडारांचे जाळे देशभर वाढत आहे, म्हणून माझे आकडे पाठ करू नका. उड्डाणाच्या आठवड्यात कोणते रडार सुरू आहे ते पाहा आणि पट्टीने अंतर स्वतः मोजा.

या गणिताचे दोन परिणाम लक्षात ठेवावेत. दुरून पाहताना उंच ढग दिसतो, पण ठेंगणा, नुकताच कोसळू लागलेला ढग झोताखाली राहून जातो. याउलट रडारच्या अगदी डोक्यावरचे आभाळही त्याला दिसत नाही, कारण तबकडी सरळ वर वळत नाही.

आणि कोऱ्या जागेबद्दल सर्वांत मोठा सापळा हा: चित्रातली कोरी जागा म्हणजे ‘पाऊस नाही’ असेही असते आणि ‘पाहिलेच नाही’ असेही असते. अमेरिकेतील बहुतेक पडद्यांवर न पाहिलेला भाग वेगळ्या छटेने किंवा तिरक्या रेघांनी दाखवतात. आपल्याकडच्या चित्रात वर्तुळ संपले की विषय संपला.

४. रंगांत काय नसते ते पाठ करा

रडारला ढग दिसत नाही, ढगातले पाण्याचे मोठे थेंब आणि गारा दिसतात. त्यांवरून परत येणारी लहर, म्हणजे परावर्तन, डीबीझेड या एककात मोजतात. ३० पर्यंत हलका पाऊस, ३० ते ४० मध्यम, ४० ते ५० जोराचा आणि ५० च्या पुढे अतितीव्र, अशी वैमानिकांसाठीची ढोबळ वाटणी आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर परावर्तन चौसष्टपट होते, म्हणून बारीक थेंबांचा दाट ढग पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही आणि ओल्या गारा भडक तांबड्या किंवा जांभळ्या उमटतात. कोरड्या गारा मात्र त्यामानाने फिक्या दिसतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट ज्यांनी आपल्या शेतात पाहिली आहे त्यांना गारेचा आकार सांगायला नको. ती गार पंखाच्या पत्र्यावर आणि काचेवर काय करील याची कल्पना करा.

रंगांत न दिसणाऱ्या गोष्टींची यादी लांब आहे: विजा, हवेतील धक्के, वाऱ्याचे अचानक बदलणे, ढगाचा पायथा, दृश्यमानता, धूळ. पण आपल्या भागात त्यांतली एक गोष्ट बाकीच्यांहून अधिक घातक आहे, आणि ती म्हणजे पावसाच्या पुढे धावणारा वारा.

मे महिन्यात, विशेषतः रोहिणी नक्षत्र लागण्याच्या सुमारास, मराठवाड्याची हवा जमिनीलगत कोरडी आणि तापलेली असते आणि ढगाचा पायथा उंच असतो. वरून निघालेला पाऊस वाटेतच वाळतो. वाळताना तो हवा थंड करतो, थंड हवा जड होऊन खाली आपटते आणि जमिनीवर पसरते. हीच आपली सोसाट्याची धूळवावटळ. ढगापासून १५ ते २० मैल पुढेही हा वारा पोहोचू शकतो आणि त्यात पाण्याचा थेंब नसल्यामुळे कॉकपिटमधल्या चित्रावर त्याचा मागमूस नसतो. उलटही घडते. बहुतेक कॉकपिट चित्रे सर्व उंचींमधले सर्वाधिक परावर्तन एकाच सपाट नकाशावर दाखवतात, त्यामुळे वरच्या वर वाळून जाणारा पाऊस जमिनीवर पडतो आहे असे भासते, खिडकीतून मात्र खाली कोरडे दिसते आणि त्याखालून निसटता येईल असा मोह होतो. त्याखालून कधीही जाऊ नका, पलीकडचे ऊन दिसत असले तरी.

विमानाची बाजूही पाहा. लातूर किंवा संभाजीनगरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच आहे. तापमान ४० अंश असेल तर हवेच्या विरळपणाच्या हिशेबात तुम्ही साडेपाच हजार फुटांवरून उड्डाण करत असता. समुद्रसपाटीला सेसना १५२ मिनिटाला सुमारे ७०० फूट चढते. या हवेत त्यातले बरेच गळून जाते. खाली आपटणारा तीव्र झोत मिनिटाला ६,००० फुटांपर्यंत जाऊ शकतो. या दोन आकड्यांची तुलना केल्यावर वैमानिकाच्या कौशल्याचा प्रश्नच उरत नाही.

परतल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मी दुपारी चारला धावपट्टीवर विमानाची तपासणी करत होतो. मोबाइलवरचे चित्र कोरे होते. मेटारमध्येही विशेष काही नव्हते. फाटकावरचे चौकीदार मामा उठून आले आणि म्हणाले, “साहेब, वारं पडलंय. आता धुराळा येतोय बघा.” मी चित्र दाखवून त्यांची समजूत घालायला लागलो. वीस मिनिटांनी बीडच्या अंगाने तांबूस भिंत आली, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आडवी झाली आणि आम्ही दोघे मिळून विमानाचे दोर ओढत होतो. त्या वेळी मी हवेत असतो तर उतरण्याच्या शेवटच्या वळणावर असतो. पाऊस पडला तो फक्त चार थेंब.

५. फोनवरच्या ‘रडार’ची जात ओळखा

जगभर चालणारी अनेक हवामान ॲप्स ‘रडार’ नावाचा रंगीत थर दाखवतात. जेथे खऱ्या रडारची माहिती त्यांना मिळत नाही तेथे ती उपग्रहावरून काढलेला पावसाचा अंदाज किंवा संगणकीय प्रतिमानाचे भाकीत त्याच रंगांत रंगवतात. चित्र छान हलते आणि पुढचे दोन तासही दाखवते, हीच खरे तर संशयाची जागा आहे, कारण रडार भविष्य पाहत नाही. कसोटी सोपी आहे: ज्या चित्रावर रडारचे ठिकाण आणि वेधाची वेळ लिहिलेली नाही, ते रडारचे चित्र मानू नका.

हवामान विभागाच्या चित्रांतही प्रकार आहेत. ‘मॅक्स झेड’ चित्रात मधल्या नकाशाबरोबर वरच्या आणि उजव्या बाजूला पट्ट्या असतात. त्यांत ढगाची उंची दिसते. नवशिके नेमक्या याच पट्ट्या कापून चित्र गटावर पुढे पाठवतात. मला मात्र त्या नकाशापेक्षाही उपयोगी वाटतात, कारण तांबडा रंग किती उंचीवर लटकला आहे हे तेथेच कळते. ३५,००० फूट किंवा त्याहून उंच गेलेला मेघगर्जनेचा ढग अत्यंत धोकादायक समजावा.

इन्सॅट मालिकेतले उपग्रह प्रत्येकी अर्ध्या तासाने आभाळ टिपतात. त्यांना ढगाचा माथा दिसतो, पायथा नाही. तरी रडारच्या वर्तुळाबाहेर पडणाऱ्या संभाजीनगर-जालन्याकडच्या वैमानिकाला सलग तीन चित्रांतून ढग वाढतो आहे की विरतो आहे, एवढे नक्की कळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या आत पडलेल्या विजा दाखवते. ते शेतकऱ्यांसाठी आणि गुराख्यांसाठी उपयोगी म्हणून ओळखले जाते, पण धावपट्टीवर उभ्या असलेल्या वैमानिकाने ते उघडण्यात कमीपणा मानू नये. ४० किलोमीटर म्हणजे साधारण साडेएकवीस सागरी मैल. सातव्या पायरीत साधारण एवढेच अंतर पुन्हा येईल.

६. विमानातच रडार असेल तर

बहुतेक शिकाऊ विमानांत ते नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. विमानाच्या नाकातले रडार त्या क्षणाचे चित्र दाखवते, हा त्याचा मोठा गुण. पण त्याची तबकडी लहान असते. बारा इंची तबकडीचा झोत सुमारे आठ अंश रुंद असतो आणि ४० सागरी मैलांवर तो तीस हजार फुटांहून जाड होतो. दुसरे, त्याची लहर सुमारे तीन सेंटीमीटरची असल्यामुळे जोराच्या पावसातच ती शोषली जाते आणि पावसामागचा आणखी जोराचा पाऊस पडद्यावर मोकळ्या जागेसारखा दिसतो. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सदर्न एअरवेजचे डीसी-९ विमान अशाच तीव्र पावसात शिरले, दोन्ही इंजिने बंद पडली आणि ते न्यू होप गावातील रस्त्यावर कोसळले. वादळी भागातून वाट काढताना विमानातल्या रडारवर टाकलेली भिस्त हे त्या अपघाताच्या चौकशीत नोंदवलेल्या कारणांपैकी एक होते. तांबड्यामागचा काळा भाग मोकळा समजू नका, हा त्यातून घ्यायचा नियम.

७. उड्डाणापूर्वी क्रमाने काय करावे

अगोदर मेटार, टॅफ आणि सिग्मेट वाचा आणि ‘टीएस’ (मेघगर्जना) किंवा ‘सीबी’ (मेघगर्जनेचा ढग) ही अक्षरे कोठे आहेत ते नकाशावर पेन्सिलीने मांडा. मग हवामान विभागाचा जिल्हावार तात्कालिक इशारा पाहा. तो पुढच्या तीन तासांसाठी असतो. त्यानंतरच रडार उघडा. हा क्रम मी मुद्दाम सांगतो, कारण रंगीत चित्र आधी पाहिले की मन त्याला चिकटते आणि नंतर वाचलेला मजकूर त्या चित्राला जुळवून घेतला जातो.

रडारचे एकच चित्र पाहू नका. अर्ध्या तासातली तीन चित्रे घ्या, प्रत्येक तांबड्या ठिपक्याची कड कागदावर काढा आणि वेळ लिहा. दोन कडांमधले अंतर मोजले की वेग कळतो, दिशा कळते आणि ठिपका फुगतो आहे का तेही कळते. तुम्ही पोहोचाल त्या वेळी ती कड कोठे असेल ते पुढे काढा. तुमची रेषा तिच्या २० सागरी मैलांच्या आत जात असेल तर मार्ग बदला किंवा वेळ बदला. मराठवाड्यात एप्रिल ते जून सकाळी दहाच्या आत उतरून चहा पिणे हा वेळ बदलण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्या महिन्यांत ढग बहुतेक वेळा दुपारनंतर उठतात.

परतीचा ठराव कागदावर लिहा: अमुक ठिकाणी पोहोचेपर्यंत अमुक दिसले नाही तर मी मागे वळेन. ठिकाण ठळक असावे, जसे मांजरा धरण, जायकवाडीचा जलाशय किंवा रेल्वेमार्गाचा फाटा. हवेत गेल्यावर माणूस स्वतःशी घासाघीस करतो. कागद करत नाही.

८. हवेत असताना

अमेरिकेत प्रशिक्षण घेत असाल तर पडद्यावरचे चित्र फक्त दूरच्या निर्णयासाठी वापरा. डावीकडून वळसा घ्यावा की उजवीकडून, पुढे जावे की परतावे, कोठे उतरावे, हे प्रश्न त्याला विचारा. दोन ठिपक्यांमधून वाट आहे का, हा प्रश्न त्याला विचारू नका. तीव्र ढगापासून २० मैल दूर राहायचे तर दोन तीव्र ढगांमधली फट ४० मैलांपेक्षा कमी असताना ती फट नसतेच. एखाद्या भागाचा दहापैकी सहा हिस्सा मेघगर्जनेने व्यापला असेल तर त्या संपूर्ण भागाला वळसा घालावा, असे तेथील अधिकृत वैमानिक माहितीपत्रक सांगते. चित्र आणि खिडकी यांच्यात मतभेद झाला तर खिडकीचे ऐका. धुरकटपणामुळे खिडकीतून काही दिसत नसेल, तर ते मागे वळण्याचे कारण आहे, पडद्याकडे अधिक निरखून पाहण्याचे नाही.

भारतात उडताना पडदा नसल्याने काम वेगळे होते. ढगाची सावली जमिनीवर कोठे आहे, धुराच्या रेघा कोणत्या दिशेला वळल्या, तलावाच्या पाण्यावर लाटा कोणत्या कडेपासून सुरू झाल्या, हे पाहत राहा. विटभट्टीचा धूर अचानक उलटा फिरला तर वारा पोहोचला असे समजा. नियंत्रण कक्षाकडे पुढच्या विमानतळावरचा वारा दर दहा-पंधरा मिनिटांनी मागण्यात लाज बाळगू नका. दोन उत्तरांमध्ये दिशा ९० अंशांनी बदलली तर तेथे उतरण्याचा विचार सोडा आणि पर्यायी धावपट्टीकडे वळा. वादळ धावपट्टीच्या तोंडाशी आले असताना ‘आपण आधी पोहोचू’ या हिशेबाने उतरायला जाऊ नये, उड्डाणही करू नये.

९. उतरल्यावर

विमान बांधून झाले की लगेच घरी निघू नका. सकाळी जतन केलेली चित्रे उघडा, उड्डाणाच्या वेळेची नवी चित्रे उतरवून घ्या आणि तुम्ही डोळ्यांनी जे पाहिले ते त्यांच्यावर मांडा. कोणत्या मिनिटाला कोणता ढग कोठे होता, चित्रात तो केव्हा उमटला, उमटलाच नाही का, वारा केव्हा फिरला. माझ्या वहीत चार रकाने आहेत: चित्रावरची वेळ, घड्याळातली वेळ, चित्रात काय होते, बाहेर काय होते. पहिल्या वर्षभरातच आपल्या धावपट्टीपुरता तरी रडारचा उशीर किती आणि कोणत्या दिशेचे ढग ते चुकवते, याचा अंदाज बसतो. मे महिन्याच्या पानांवर मी नंतर पाचवा रकाना आखला. त्यात चौकीदार मामांनी काय सांगितले होते ते लिहितो.